आधी पत्र, मग पेम्बर्ली

जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे मूळ नाव 'फर्स्ट इम्प्रेशन्स' असे होते. १७९६-९७ मध्ये लिहिलेली ही कादंबरी लेखिकेच्या वडिलांनी १७९७ च्या नोव्हेंबरात लंडनच्या कॅडेल या प्रकाशकाकडे सुचवून पाहिली. त्याने हस्तलिखित न पाहताच नकार कळवला. पुढे १८०० च्या सुमारास त्याच नावाची मार्गारेट होलफर्ड यांची कादंबरी आली. अखेर संस्कारित रूपात, नव्या नावाने, २८ जानेवारी १८१३ रोजी ती प्रसिद्ध झाली. नवे नाव फॅनी बर्नीच्या 'सिसिलिया' (१७८२) या कादंबरीतील शब्दांवरून सुचले असावे, असे मानले जाते. नाव बदलण्यामागे व्यावहारिक अडचण असेलही; पण त्यामुळे दोष केवळ पाहणाऱ्याच्या दृष्टीत न राहता पाहिल्या जाणाऱ्याच्या स्वभावातही आला.

डार्सीविषयीचे एलिझाबेथचे मत नेमके कशाने बदलते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. वॉल्टर स्कॉटने 'एमा'च्या निमित्ताने 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'त लिहिलेल्या निनावी लेखात (१८१६) असे सूचित केले की, डार्सीची देखणी वास्तू व बागबगीचा पाहिल्यावरच तिला आपल्या नकाराचा मूर्खपणा उमगला. वर्गात विद्यार्थीही हाच आक्षेप घेतात, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. तो खरा मानला, तर कादंबरीचा नैतिक कणाच मोडतो.

आमच्या मते याचे उत्तर घटनाक्रमात आहे. डार्सीचे पत्र पस्तिसाव्या प्रकरणात तिच्या हाती पडते. पेम्बर्ली येते त्रेचाळिसाव्यात. पत्र ती पुन्हा पुन्हा वाचते, आणि विकहॅमच्या जुन्या वागण्याची उजळणी करते. अनोळखी स्त्रीपुढे पहिल्याच भेटीत त्याने खासगी गाऱ्हाणे मांडले होते. डार्सीला टाळणार नाही अशी फुशारकी मारून तो नृत्याच्या रात्री मात्र फिरकला नव्हता. हे सारे तिला आधीच ठाऊक होते. त्याचा अर्थ तेवढा लावायचा राहिला होता. आत्मपरीक्षणाचा हा क्षण वाडा पाहण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

मात्र पत्राने प्रेम जागत नाही. आदर वाटू लागतो. नकाराचा पश्चात्ताप मात्र तिला होत नाही. पेम्बर्लीत नव्याने भर पडते ती गृहव्यवस्थापिका मिसेस रेनल्ड्सच्या साक्षीची. नोकर व कुळे ज्याच्या हाताखाली राहतात, त्याच्याविषयी तीच माणसे काय सांगतात, याला वजन असते. संपत्तीचा मोह कादंबरी नाकारत नाही; या घराची आपण मालकीण झालो असतो, हा विचार एलिझाबेथच्या मनाला चाटून जातोच. पुढे प्रेमाचा आरंभ पेम्बर्ली पाहिल्यापासून झाला, असे ती जेनला थट्टेने सांगते. स्कॉटने बहुधा ही थट्टाच शब्दशः घेतली.

शिवाय डार्सीचा अहंकार हा निव्वळ गैरसमज नव्हता. तिच्या नकारातील शब्द त्याला झोंबतात, आणि ज्या विकहॅमचा त्याला तिटकारा आहे त्याच्याशीच लिडियासाठी तो गाजावाजा न करता वाटाघाटी करतो. तिची दृष्टी बदलते, त्याची वर्तणूक बदलते. यांपैकी एकच बदल शिकवला, तर कादंबरी अर्धीच शिकवली जाते.