कोणाकडे आलात?

"वॉचमनने विचारलं तर तिसऱ्या मजल्यावरच्यांचे नातेवाईक म्हणून सांगा." फ्लॅटमालकाचा हा मेसेज मला परळला उतरल्यावर आला. आईच्या उपचारासाठी चार दिवस राहायचं होतं, ॲपवरून फ्लॅट घेतला होता. मालक पुण्याला असतात, मी त्यांना आजवर पाहिलेलं नाही. चावी दाराशी लावलेल्या आकड्यांच्या डबीत. वॉचमनने काही विचारलंच नाही, पण लिफ्टमध्ये शेजारच्या काकांनी विचारलं, "कोणाकडे आलात?" मी खोटं बोललो. आई शेजारीच उभी होती.

खरं तर या भागात हा प्रश्न शंभर वर्षं विचारला जातोय. गिरण्या जोरात होत्या तेव्हा कोकणातून, साताऱ्याकडून आलेला गडी थेट गावकीच्या खोलीवर जायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर अंग टाकायची. ट्रंक भिंतीला, वळकटी खुंटीला, जेवण खानावळीत. गावाहून कुणी औषधपाण्याला आलं तरी तो तिथेच. तिकडे धोबी तलाव, माझगावला गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींचे कूड होते. प्रत्येक गावाचा वेगळा. बोट मिळेपर्यंत खलाशी तिथे राहायचा, खोलीत गावच्या संताची वेदी. जेर महालमध्ये काही कूड आजही आहेत.

म्हणजे चार दिवसांचा पाहुणा राहत्या वस्तीला नवा नाही. फक्त त्याच्यामागे गाव उभं असायचं. दारू पिऊन दंगा केला तर पत्र घरी जायचं. (याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावकीच्या खोलीत जागा मिळायची ती जातभाईला. बाकीच्यांनी कुठे जायचं, हे कोणी विचारत नव्हतं.)

मग परक्याला जागा देणं अवघड का झालं? भाडेकायदा बघा. 1947 च्या कायद्याने बहुतेक भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. त्यातून सुटायला मालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स'ची वाट काढली, तर 1 फेब्रुवारी 1973 रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना दुरुस्तीने भाडेकरू ठरवलं. त्याचा धसका मालकांनी असा घेतला की घर कुलूपबंद पडलं तरी चालेल, पण भाड्याने द्यायचं नाही. 31 मार्च 2000 पासून नवा कायदा आला, मुदत संपल्यावर जागा परत मिळायची सोय झाली. तरी मनातली भीती काही गेली नाही. ॲपने नेमकी तीच भीती ओळखली. चार दिवसांचा माणूस कसला हक्क सांगणार?

एअरबीएनबी 2008 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. त्याआधी वर्षभर दोन तरुणांनी घरभाडं परवडेना म्हणून स्वतःच्या हॉलमध्ये हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले होते. मालक घरात, पाहुणा हॉलमध्ये. आज मालक दुसऱ्या शहरात आणि घरात फक्त पाहुणे. न्यूयॉर्कने सप्टेंबर 2023 पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामाला यजमानाची नोंदणी आणि त्याचं घरात हजर असणं सक्तीचं केलं. बार्सिलोनाच्या महापौरांनी 2024 मध्ये जाहीर केलं की पर्यटकांच्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने 2028 पर्यंत संपवणार. कारण सरळ आहे, रहिवाशांना भाड्याने घर मिळेना.

तिसऱ्या दिवशी काकांना खरं सांगून टाकलं. ते गिरणीत होते, 1982 च्या संपात नोकरी गेली. रागावले नाहीत. म्हणाले, "आजारी माणसाला कोण नको म्हणेल? पण रात्री दोनला बॅगा ओढत कोण येतं ते आम्हाला कळत नाही. आणि माझ्या पोराला हाच फ्लॅट भाड्याने हवा होता. तो आता बदलापूरहून येऊन-जाऊन करतो."

मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या पोराच्या जागेत मी आईला झोपवलं होतं. आणि ही जागा नसती तर रुग्णालयासमोरच्या फूटपाथवर पथारी टाकलेले लोक मी रोज बघत होतो.

निघताना लिफ्टशेजारी सोसायटीची नोटीस दिसली, पुढच्या महिन्यापासून ॲपवरच्या पाहुण्यांना प्रवेश बंद. आईची पुढची तारीख एकवीस दिवसांनी आहे. कुठे उतरायचं ते अजून ठरलेलं नाही.