वैनगंगेचे पाणी: ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण?

नदीचे पाणी कोरड्या भागाकडे वळवायचे म्हटले की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ज्यांचे जाते ते म्हणतात, आमचे पाणी देणार नाही. ज्यांना हवे ते म्हणतात, आमच्यावर अन्याय झाला. दोन्हीकडच्या ‘आम्ही’त कोण मोजले जाते, हे आंबेडकरी माणसाने तरी विचारावे. महाडचे चवदार तळे सार्वजनिकच होते. ते अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरी २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला, कारण गावाच्या ‘आम्ही’त आपण नव्हतोच.

वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणातून सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालव्याने पाणी बुलढाण्यापर्यंत न्यायचे आहे. तेव्हा नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा हे सहा जिल्हे यादीत होते, आमचा वाशीम नव्हता. याची नाराजी मलाही आहे. काटेपूर्णा आमच्या जिल्ह्यात उगम पावते आणि तिच्या धरणावर अकोला शहर पाणी पिते, म्हणजे आम्ही देणारेही आहोत.

पण त्याआधीचा प्रश्न गोसीखुर्दच्या काठावरचा आहे. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते धरणाचे भूमिपूजन झाले, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गावे बुडाली, मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांची नदी धरणाखाली गेली. नदीजोड मंजूर झाला तेव्हाही गोसीखुर्दच्या स्वतःच्या कालव्यांची कामे बाकीच होती. लाभक्षेत्र तहानलेले असताना पाणी ‘अतिरिक्त’ ठरते कसे? (नागपूरचे सांडपाणीही नाग आणि कन्हान नद्यांमधून याच जलाशयात येते, त्याबद्दल मात्र कुणी भांडत नाही.)

नदीजोडाच्या समर्थनासाठी हल्ली बाबासाहेबांचे नाव घेतले जाते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ च्या पुरानंतर दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या खात्याने पुढे नेली. नोव्हेंबर १९४५ च्या कटक परिषदेत त्यांनी सांगितले की जास्त पाणी हे संकट नाही, ते साठवले पाहिजे. प्रांतांच्या हद्दी बाजूला ठेवून नदीचे अख्खे खोरे हा नियोजनाचा घटक धरावा, ही त्यांची भूमिका होती. वैनगंगा गोदावरी खोऱ्यातली, नळगंगा तापी खोऱ्यातली. पाणी खोऱ्याबाहेर नेऊच नये, असा अर्थ मी यातून काढत नाही. पण आधी देणाऱ्या खोऱ्याचा हिशेब पुरा व्हावा, एवढे तरी त्यातून निघतेच.

आणि पाणी आले तरी कुणाला? कालव्याचे पाणी शेताला मिळते. ज्याच्याकडे शेतच नाही, त्या मजुराच्या वाट्याला फार तर कालवा खोदण्याचे काम येते. आपल्या वस्त्यांत असे किती जण आहेत, हे वेगळे सांगायला नको. याला उत्तर नाही असेही नाही. विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरला, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला बंदी होती.

वाशीमचे नाव यादीत घाला, असे निवेदन देताना त्याच कागदावर गोसीखुर्दच्या धरणग्रस्तांचे पुनर्वसन आणि भूमिहीनांचा पाण्यातला वाटा हेही लिहू या.