'ऑनेस्ट' : एका विशेषणाचा अर्थेतिहास

शब्दाचा इतिहास म्हणजे त्याच्या अर्थांची कालानुक्रमे लावलेली यादी नव्हे. समाजाच्या मूल्यव्यवस्थेतील ताण शब्दात साठत जातात आणि एखाद्या कलाकृतीत ते एकाच वेळी कार्यप्रवण होतात. 'ऑनेस्ट' या साध्या इंग्रजी विशेषणाचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

लॅटिन 'होनेस्टुस'चे नाते 'होनोस' म्हणजे मानसन्मान या नामाशी आहे. इ. स. १३००च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा 'प्रतिष्ठित', 'सभ्य' हा त्याचा प्रधान अर्थ होता. तो अंतःकरणाच्या गुणापेक्षा सामाजिक स्थानाचा निदर्शक होता. स्त्रीच्या संदर्भात त्याला 'शीलवती' असा अर्थ आला. पुढे 'सत्यवचनी', 'न फसवणारा' हा अर्थ बळावला. वरिष्ठाने कनिष्ठाला उद्देशून वापरलेल्या 'ऑनेस्ट'मध्ये आपुलकीबरोबर एक सूक्ष्म अवहेलनाही मिसळली.

१६०४ मध्ये इंग्लंडच्या राजदरबारी सादर झालेल्या 'ऑथेल्लो'त या सर्व छटा एकत्र येतात. विल्यम एम्पसन यांनी 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' (१९५१) या ग्रंथात, हे विशेषण व त्याचे भाववाचक नाम या नाटकात ५२ वेळा येते याकडे लक्ष वेधले. इआगोला सारेच 'ऑनेस्ट' म्हणतात. त्या प्रशस्तीत त्याचे कनिष्ठत्वही गृहीत असते. डेस्डिमोनाच्या बाबतीत मात्र त्याच शब्दाने तिच्या शीलाचा निवाडा होतो. एकाचे 'ऑनेस्ट' असणे निःशंकपणे स्वीकारले जाते, म्हणूनच दुसरीचे संशयास्पद ठरते. ही शोकांतिका एका अर्थी शब्दाच्या अनेकार्थतेतच रुजलेली आहे.

मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ मध्ये व देवलांचे 'झुंजारराव' हे रूपांतर १८९० मध्ये अवतरले. या नाटकाच्या कोणत्याही मराठी अवताराला येथे एक मूलभूत अडचण भेडसावते. 'प्रामाणिक' हा शब्द 'प्रमाण' या ज्ञानव्यवहारातील संकल्पनेतून घडला आहे. त्यात मानसन्मान नाही, स्त्रीचे शील नाही आणि कनिष्ठाला दिलेली शाबासकीही नाही. प्रसंगानुसार 'प्रामाणिक', 'शीलवती', 'इमानी' असे निरनिराळे शब्द योजल्यास प्रत्येक संवाद सुबोध होतो. परंतु इआगो व डेस्डिमोना यांना एकाच तराजूत तोलणारा शब्द नाहीसा होतो. भाषांतरात हरवते ती एखादी अर्थच्छटा नसून नाटकाची संरचनाच असते.