दिंड्यांचा लिंब

काही झाडे गावाची असतात, काही देवाची. फलटण तालुक्यातला तरडगावजवळचा चांदोबाचा लिंब मात्र पाहुण्यांचा! आषाढीसाठी आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते आणि पुढे याच ठिकाणी वाटचालीतले पहिले उभे रिंगण होते.

रस्त्याच्या दोन्ही कडांना दिंड्या समोरासमोर उभ्या राहतात. मधल्या मोकळ्या वाटेने दोन अश्व दौडतात: एकावर पताकाधारी स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण त्यावर माउली बसल्या आहेत असे मानतात. अश्व पुढे गेले की टापांखालची माती कपाळी लावायला झुंबड उडते.

सोहळ्याला शिस्तीचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचा हा सरदार मूळचा साताऱ्याजवळच्या आरफळचा. रिंगणातली लष्करी छाप उगाच नाही. अश्व येतात बेळगावकडच्या अंकलीहून, शितोळे सरदारांचे. मिरज-सांगलीमार्गे ते आळंदी गाठतात.

सातारा जिल्ह्यातल्याच म्हसव्याच्या वडाचा घेर 1882 च्या मोजणीत 1587 फूट भरला होता. त्याची कीर्ती आकाराची. लिंबाची सारी ख्याती वर्षातल्या एका दुपारची, आणि रिंगण सुटताच दिंड्या तरडगावच्या मुक्कामाकडे वळतात.