'म्युझिक' आणि 'डेटा': रियाजासाठी कोरी तबकडी निवडण्याचा इतिहास

१/ विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील दुकानांत दोन प्रकारच्या कोऱ्या सीडी शेजारी शेजारी मांडलेल्या असत. एका वेष्टनावर 'म्युझिक' असे छापलेले, दुसऱ्यावर 'डेटा'. स्वतःचा रियाज ध्वनिमुद्रित करू पाहणारा वादक साहजिकच पहिलीकडे वळे आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजी. वस्तुतः त्या शब्दाचा आवाजाच्या दर्जाशी काहीच संबंध नव्हता. तो संबंध कायद्याशी होता.

२/ मुळात घरबसल्या ध्वनिमुद्रण ही कल्पना जुनीच. एडिसनच्या १८७७ च्या फोनोग्राफवर आवाज ऐकताही येई आणि नोंदवताही येई. बर्लिनरच्या तबकडीने मात्र श्रोत्याकडे केवळ ऐकणे ठेवले. नोंदवणे कारखान्याकडे गेले.

३/ ही मक्तेदारी १९३४ च्या सुमारास सैल झाली. फ्रान्समध्ये पिराल आणि अमेरिकेत प्रेस्टो या कंपन्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा लेप दिलेल्या कोऱ्या तबकड्या आणल्या. सुई त्या लेपात थेट खाच कोरी आणि तबकडी लगेच वाजवता येई. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम दुर्मीळ झाल्यावर काचेचा आधार वापरला गेला.

४/ या तबकड्या अल्पायुषी ठरल्या. प्रत्येक वेळी वाजवताना खाच झिजे. लेप मऊ राहावा म्हणून त्यात घातलेले एरंडेल तेल कालांतराने विघटित होऊन पृष्ठभागावर पांढरी भुकटी धरी. लेप आकसून त्याला भेगा पडत. आधाराचा पत्रा शाबूत आणि आवाज मात्र गेलेला, अशी अवस्था अनेक संग्रहांत आढळते.

५/ पुढे टेप व कॅसेटने ही गरज भागवली. १९८२ मध्ये आलेली सीडी मात्र पुन्हा कारखान्यातूनच छापून येणारी, केवळ ऐकण्याची वस्तू होती. जपानच्या ताइयो युडेन कंपनीने १९८८ मध्ये लिहिता येणारी सीडी सिद्ध केली आणि १९९० मध्ये 'ऑरेंज बुक' या मानकाने तिचे नियम ठरले. एका तबकडीवर ७४ मिनिटे मावत. पुढे ८० मिनिटांची आली. तिची वर्तुळे अधिक दाट असल्याने काही जुनी यंत्रे ती वाचताना अडखळत.

६/ सीडी-आरमध्ये खाच कोरली जात नाही. प्लॅस्टिकच्या चकतीवर रंजकद्रव्याचा थर आणि त्यावर धातूचा परावर्तक थर असतो. लेसरच्या उष्णतेने रंजकद्रव्य जागोजागी बदलते आणि तेथून परतणारा प्रकाश मंदावतो. म्हणूनच तबकडी निवडणे म्हणजे खरे तर रंजकद्रव्य व धातू निवडणे होते.

७/ रंजकद्रव्ये प्रामुख्याने तीन. ताइयो युडेनचे सायनिन, मित्सुई समूहाचे थॅलोसायनिन आणि मित्सुबिशीचे गडद निळे ॲझो. मूळ स्वरूपातील सायनिन प्रकाशाला हळवे. थॅलोसायनिन अधिक टिकाऊ मानले गेले. धातूंत सोने गंजत नाही, पण महाग. चांदी स्वस्त, पण गंधकयुक्त हवेत काळवंडते. वेष्टनावरील 'म्युझिक' या शब्दातून यांपैकी काहीच कळत नसे.

८/ मग तो शब्द आला कोठून? डिजिटल टेपमुळे हुबेहूब नकला निघतील, या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या भीतीतून अमेरिकेत १९९२ मध्ये 'ऑडिओ होम रेकॉर्डिंग ॲक्ट' संमत झाला. घरगुती डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रांवर २ टक्के आणि त्यांच्या कोऱ्या माध्यमांवर ३ टक्के स्वामित्वधन बसले. ज्या तबकडीसाठी ते भरले गेले, तिच्यावर एक सांकेतिक खूण असे. घरगुती सीडी रेकॉर्डर ती खूण तपासत आणि ती नसल्यास तबकडी नाकारत. संगणकातील राइटर व व्यावसायिक यंत्रे या कायद्याबाहेर होती. त्यांना साधी 'डेटा' तबकडी चाले.

९/ यातील विसंगती रियाज करणाऱ्यालाच सर्वाधिक जाणवणारी होती. तो कोणाचेही गाणे उतरवून घेत नव्हता. स्वतःचेच वादन नोंदवत होता. तरीही प्रत्येक 'म्युझिक' तबकडीमागे इतरांच्या संगीताच्या संभाव्य नकलेची भरपाई त्याच्याकडून वसूल होत होती.

१०/ रोजच्या सरावासाठी १९९७ मध्ये आलेली सीडी-आरडब्ल्यू सोयीची होती. तिच्यात रंजकद्रव्याऐवजी मिश्रधातू असून ती सुमारे १००० वेळा पुसून लिहिता येते. पण तिचे परावर्तन फारच कमी, त्यामुळे अनेक जुन्या प्लेअरना ती दिसतच नसे. चुका ऐकून पुसायच्या असतील तर आरडब्ल्यू आणि जपून ठेवायचे असेल तर आर, हा सरळ हिशेब होता.

११/ जपणुकीत आणखी एक मेख होती. ऑडिओ सीडीच्या प्रत्येक खंडात २३५२ बाइट आवाजच असतो; डेटा सीडीत त्याच जागेत २०४८ बाइट मजकूर आणि उरलेल्या जागेत मुख्यतः जादा त्रुटी-दुरुस्तीची माहिती असते. ओरखडा पडल्यास ऑडिओ प्लेअर गाळलेल्या जागी अंदाजाने आवाज भरतो. डेटा तबकडीवरील ध्वनिफाइल मात्र तंतोतंत परत मिळण्याची शक्यता अधिक. म्हणजे संगीत टिकवण्यासाठी कित्येकदा 'डेटा' म्हणून लिहिणेच श्रेयस्कर ठरे. अट इतकीच की ती वाजवण्यास संगणक लागे.

१२/ ताइयो युडेनने २०१५ मध्ये या व्यवसायातून अंग काढून घेतले. त्या दोन दशकांतील असंख्य गुरूंचे पाठ आणि शिष्यांचे सराव आजही कपाटांतील सीडी-आरवर आहेत. तबकडीची खालची बाजू आपण जपतो. पण धातूचा थर वरच्या, नाव लिहिलेल्या बाजूलगत असतो आणि बॉलपेनच्या टोकानेही तो दुखावतो. ऊन रंजकद्रव्याला मारक ठरते. लॅकर तबकडीवरची पांढरी भुकटी निदान डोळ्यांना दिसत असे. सीडी-आर मात्र वरून चकचकीत राहूनही आतून मुकी होऊ शकते. म्हणून घरात अशी तबकडी असेल, तर ती वाचली जात आहे तोवरच तिची प्रत काढून ठेवावी.