हॅकिंटॉश आणि हरवलेला पेन ड्राइव्ह

आजची गोष्ट अशा पेन ड्राइव्हची, जो कॉम्प्युटरला खोचलेला असतो आणि तरी कॉम्प्युटरला सापडत नाही.

६ जून २००५. स्टीव्ह जॉब्सने जाहीर केलं की मॅक आता इंटेलच्या प्रोसेसरवर चालणार. म्हणजे मॅक आणि तुमचा-आमचा असेंबल्ड पीसी एकाच घराण्यातले झाले. मग काय, साध्या पीसीवर मॅकची सिस्टिम चढवायचा नाद जगभर पसरला. तोच हॅकिंटॉश. ॲपलच्या लायसन्समध्ये हे बसत नाही, हे आधीच सांगतो. सायस्टार नावाच्या कंपनीने २००८ मध्ये असे पीसी विकायला काढले, ॲपलने तिला कोर्टात खेचलं आणि २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. घरी खटपट करणारे मात्र थांबले नाहीत.

त्यांना छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू व्हायचा, काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावायच्या आणि मध्येच अडकायच्या: 'स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस'. लोक पेन ड्राइव्ह बदलायचे, सगळं परत डाउनलोड करायचे, रात्र वाया. पेन ड्राइव्ह बिचारा बऱ्याचदा ठणठणीत असायचा.

व्हायचं काय, तर सुरुवातीला पेन ड्राइव्ह वाचतं ते मदरबोर्डचं फर्मवेअर. क्लोव्हर किंवा नंतर आलेला ओपनकोर, हे बूटलोडर त्याच्याच जिवावर कर्नल मेमरीत आणतात. कर्नल जागा झाला की फर्मवेअरला सुट्टी. यूएसबी पोर्ट तो आपल्या ड्रायव्हरने नव्याने मोजतो. त्या मोजणीत तुमचा पोर्ट आला नाही, तर ज्या पेन ड्राइव्हवरून कर्नल आला तोच त्याला दिसत नाही!

मॅकओएस एका कंट्रोलरचे १५ पोर्टच धरते. यूएसबी उपकरणाच्या पत्त्यात पोर्ट नंबरसाठी जागा फक्त ४ बिट. त्यात ० ते १५ बसतात, ० म्हणजे पोर्टच नाही, उरले १५. ॲपलच्या मशीनला पोर्ट मोजकेच, त्यांचं काय अडतंय? पण इंटेलच्या १०० सिरीज चिपसेटमध्ये ते २६ पर्यंत जातात. शिवाय यूएसबी ३ चा पोर्ट दोनदा मोजला जातो, एकदा जुन्या वेगासाठी, एकदा नव्या. तुम्हाला बाहेरून १० दिसतात, सिस्टिमच्या लेखी ते २०.

२०१५ च्या एल कॅपिटनमध्ये ॲपलने यूएसबीचा कोड नव्याने लिहिला आणि हे दुखणं घरोघरी पोचलं. काहींनी पॅच मारून मर्यादाच उडवली. मला ते कधी पटलं नाही, कारण पत्त्यातली जागा त्याने थोडीच वाढते? २०२१ मध्ये बिग सर ११.३ ने तो पॅचही निकामी केला. खरा उपाय कंटाळवाणा आहे. यूएसबी २ चा एक आणि ३ चा एक पेन ड्राइव्ह घ्यायचा, प्रत्येक पोर्टात खोचून कुठलं नाव उमटतं ते कागदावर लिहायचं, १५ निवडायचे, बाकीच्यांवर पाणी सोडायचं. आणि हो, ब्लूटूथही बहुतेक वेळा आतून यूएसबीवरच असतं, त्याचा एक राखून ठेवा.

२०२० मध्ये ॲपलची स्वतःची एम१ चिप आली, आणि २०२५ मध्ये ॲपलने सांगून टाकलं की इंटेल मॅकसाठी टाहो ही शेवटची आवृत्ती. ज्यांचा हॅकिंटॉश अजून चालू आहे, त्यांनी तो पोर्टांचा कागद जपून ठेवा.