जुन्या तबकडीवरचा छोटा त्रिकोण सांगतो, आवाज कर्ण्यातून गेला की ॲम्प्लिफायरमधून

माळ्यावर आजोबांच्या काळातल्या एचएमव्हीच्या तबकड्या असतील, तर एखादी खाली काढा आणि लेबलभोवतीची गुळगुळीत जागा उजेडात तिरकी धरून बघा. तिथल्या नंबरापुढे बारीक त्रिकोण असेल, तर ते गाणं वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या यंत्रणेवर, म्हणजे मायक्रोफोन आणि ॲम्प्लिफायर वापरून मुद्रित झालंय. चौकोन असेल तर यंत्रणा ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनियरची.

१९२५ पर्यंत रेकॉर्डिंगमध्ये विजेचं कामच नव्हतं. गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्या आवाजाच्याच जोरावर सुई मेणात खाच पाडायची. साहजिकच खर्ज गळायचा, बारीक स्वरही गळायचे. नाजूक गाणाऱ्याची तर पंचाईतच.

मायक्रोफोन होता, पण त्यातून निघणारी वीज इतकी क्षीण की तिने सुई हलेना. ती वाढवायला व्हॉल्व्ह लागला. ली डी फॉरेस्टने तो १९०६ मध्ये केला खरा, पण त्यात हवा शिल्लक राहायची. ती नीट काढली गेली ती टेलिफोनसाठी: १९१५ मध्ये न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला बोलणं सुरू झालं ते याच ॲम्प्लिफायरवर. गाण्याला त्याचा फायदा दहा वर्षांनी मिळाला. गंमत म्हणजे आवाज विजेवर गेला तरी मेणाची तबकडी फिरायची ती खाली उतरणाऱ्या वजनावर. मोटरची थरथर मेणात उतरू नये म्हणून!

फरक ऐकायचा असेल तर मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना ऐका. त्यांच्या १९०५ च्या तबकड्या कर्ण्यावरच्या, तर १९३७ मध्ये ते गेले त्याआधीच्या काही वर्षांतल्या विजेवरच्या. नंतरच्या तबकड्यांत त्यांचा हळुवार, लांब ओढलेला सूर तसाच्या तसा येतो.

अर्थात हे सगळं स्टुडिओपुरतं होतं आणि तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. पेणजवळच्या गागोदे बुद्रुकमध्ये जन्मलेल्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचनं दिली. ती आज वाचायला मिळतात, कारण साने गुरुजींनी ती हाताने उतरवून घेतली.

आता ॲम्प्लिफायरचा शोध घेण्याचा खरा उपयोग. जाड स्वरांनी सुई फार हेलकावते आणि शेजारच्या खाचेत घुसते, म्हणून साधारण २५० हर्ट्झच्या खालचा आवाज कापतानाच दाबला जाई. वाजवताना तो तेवढाच परत वाढवावा लागतो. आजचे फोनो ॲम्प्लिफायर मात्र १९५४ च्या सुमारास ठरलेलं मोजमाप धरून चालतात. त्यावर ही तबकडी लावली की खर्ज फुगतो, वरचे सूर दबतात आणि तेच डिजिटल होऊन सगळीकडे फिरतं. म्हणून घरची तबकडी डिजिटल करायला देताना त्रिकोण की चौकोन ते आधी सांगा. आणि एलपीची सुई लावू देऊ नका, ७८ च्या खाचेला जाड सुईच लागते.